वळणावर मागून येणारा आवाज: जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या सस्पेन्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ जाताना गाडी गप्प असते, वळली की मागून आवाज येतो. यातून काय समजायचं?

बरंच काही. असा आवाज अर्धं काम स्वतःच करून देतो, कारण सरळ चालताना जे घडतं ते सगळं तो संशयाच्या यादीतून बाद करतो. उरतं ते फक्त वळणावर घडणारं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर सरकतो. बॉडी कलते, म्हणजे डावी स्प्रिंग दबते, उजवी सुटते आणि अँटीरोल बार (बॉडीचं कलणं कमी करणारी सळई) असेल तर त्याला पीळ पडतो. टायर रस्ता धरून ठेवतो आणि बॉडी बाहेर जाऊ पाहते. या ओढाताणीत हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), बेअरिंग, बुश (जोडांतली रबरी अस्तरं) आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आडवे रेटले जातात. शिवाय बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीतल्या) छोट्या पिनियन, म्हणजे दातेरी चकत्या, स्वतःभोवती फिरू लागतात. सरळ रस्त्यावर त्या स्वतःभोवती जवळपास फिरतच नाहीत.

तुमचा आवाज भाराचा आहे, कलण्याचा आहे, आडव्या रेट्याचा आहे की डिफरन्शियलचा, एवढं ठरलं की पाना हातात घ्यायला हरकत नाही. त्याआधी नको. आधी शॉक बदलायचे, मग बुश, मग बेअरिंग, आणि आवाज तसाच, अशा गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. काढलेले पार्ट पुष्कळदा चांगले निघतात.

चाचणी कशी घ्यायची?

मोकळं, कोरडं, सपाट मैदान किंवा रिकामी पार्किंगची जागा हवी. वाहत्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. कान आवाजाकडे लागले की डोळे रस्त्यावर राहत नाहीत. पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी २५ किलोमीटरने गाडी फिरवली की गाडीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतका आडवा जोर पडतो. एवढ्यावर बहुतेक आवाज बोलायला लागतात, जास्त वेगाची गरज पडत नाही.

आधी एका दिशेने तीन-चार फेऱ्या, मग उलट दिशेने. त्यानंतर त्याच वर्तुळात ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा दाबा. मग क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्या. ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना ठक् होत असेल आणि क्लच दाबल्यावर होत नसेल, तर संशय जॉइंटचे क्रॉस, डिफरन्शियलचे माउंट किंवा हाफशाफ्टवर (डिफरन्शियलकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) जातो. क्लच दाबूनही आवाज तसाच राहिला, तर इंजिनच्या ओढीचा संबंध नाही. चाकं, बेअरिंग, स्प्रिंग, बुश यांच्याकडे वळा. शेवटी त्याच वर्तुळात अगदी हळू असताना हँडब्रेक एक-दोन खाचा ओढून बघा. आवाज बंद पडला किंवा बदलला तर ड्रम, शू किंवा पॅड आधी उघडा.

कान दुसऱ्याचे असतील तर उत्तम. चालवणाऱ्याने चालवावं, ऐकणाऱ्याने मागे कान लावून नुसतं ऐकावं. छप्पर आणि खिडक्या एकदा उघड्या ठेवून, एकदा बंद करून.

आवाजाचं वर्णन मेकॅनिकला कसं सांगू?

"आवाज येतो" एवढं सांगू नका. मराठीत आवाजांना शब्दांची वाण नाही, ते वापरा. एकदाच होणारा ठक् आणि सारखी चालणारी कटकट यांची कारणं वेगळी. कुरकुर आणि कुईंकुईं हे बहुतेक रबराचे किंवा पाट्यांचे आवाज. घरघर बेअरिंगची किंवा टायरची. खर्रखर्र म्हणजे काहीतरी घासतंय.

दुसरं, ताल मोजा. ही युक्ती फार थोडे लोक वापरतात आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. १६५ आर १४ मापाच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा आत असतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण अडीच फेरे. कटकट त्या तालात येत असेल तर ती चाक, हब, ड्रम किंवा हाफशाफ्टची. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे जाणारा दांडा) त्यापेक्षा खूप वेगाने फिरतो, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या ३.९०९ गुणोत्तराच्या ॲक्सलमध्ये चाकाच्या जवळपास चौपट. त्यामुळे त्याचा आवाज सुटा ऐकू येत नाही, सलग थरथर होऊन येतो. आणि वळणात शिरताना एकदा, बाहेर पडताना एकदा असा ठक् होत असेल तर फिरणाऱ्या कोणत्याच भागाचा संबंध नाही. काहीतरी जागा सोडून सरकतंय आणि परत येतंय.

डाव्या वळणावर आवाज येतो, उजव्या वळणावर नाही. बिघाड कोणत्या बाजूला?

बहुतेक वेळा उजव्या बाजूला, कारण डावीकडे वळताना भार तिकडे जातो. बेअरिंगची घरघर, दबल्यावर घासणारा टायर, बंप स्टॉपवर आपटणारा ॲक्सल यांना हा नियम चांगला लागू पडतो.

पण आतल्या बाजूचं चाक विसरू नका. ते हलकं होऊन खाली लटकतं. ॲक्सल जास्त खाली जाऊ नये म्हणून काही गाड्यांत पट्टे असतात, एमजीबीत आहेत. असा पट्टा तुटला किंवा शॉकची खालची लिंक ढिली असली, तर ठक् आतल्या बाजूने येतो. डिफरन्शियलचा आवाज मात्र सहसा दोन्ही वळणांवर सारखाच असतो.

सुरुवात कुठून करू?

डिकीतून. स्टेपनी, जॅक, पाना, हत्यारांची पिशवी, सगळं बाहेर काढा आणि पुन्हा फेरी मारा. मग चाकांचे नट टॉर्क रेंचने बघा. मग एक्झॉस्ट हाताने जोरात हलवून बघा. बॉडी कलली की पाइप ॲक्सलला किंवा तळाला लागतो, आणि तो ठक् हुबेहूब सस्पेन्शनसारखा ऐकू येतो. पेट्रोलची टाकी अर्धी असताना आणि भरलेली असताना, दोन्ही वेळा ऐका. वळण संपल्यावर अर्धा क्षण थांबून येणारा धप्प हा टाकीत हेलकावणाऱ्या पेट्रोलचा किंवा टाकीच्या ढिल्या पट्ट्यांचा असू शकतो.

उघड्या छपराच्या गाड्यांत आणखी एक जागा बघा: दरवाजे. अशा गाडीची बॉडी वळणावर किंचित पिळते आणि दरवाजाचं कुलूप त्याच्या खुंटीवर कुरकुरतं. ड्रायव्हरच्या पाठीमागे, कानाच्या पातळीवर होणारा तो आवाज मी एकदा बरेच दिवस पाट्यांचा समजत होतो. खुंटीवर कापडी टेप गुंडाळली आणि आवाज गेला. तेव्हापासून ही तपासणी मी पहिल्या अर्ध्या तासातच उरकतो.

गाडीला तारांची चाकं आहेत आणि वळणावर कटकट येते.

मग सस्पेन्शन नंतर. मधल्या एका मोठ्या नटाने बसणारं तारांचं चाक हबवर दातांच्या खाचांत बसतं. दात झिजले की चाक हबवर किंचित मागेपुढे होतं, आणि ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना किंवा वळताना टक् होतं. गाडी उचला, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक फिरवायचा प्रयत्न करा. हब स्थिर राहून चाक हललं, तर दात गेले. टोक धारदार झालेले दात नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवू नका, तेही झिजेल. दोन्ही जोडीने बदलावे लागतात.

दात चांगले असतील तर ते आणि चाक जिथे हबवर टेकतं तो उतार, दोन्ही पुसून ग्रीस लावा. कोरड्या उतारावरही आवाज होतो. मग एकेक तार पेन्सिलने वाजवा. घट्ट तार खणखणते, ढिली तार ठस्स वाजते. बाहेरच्या चाकावर आडवा जोर आला की अशा ढिल्या तारा एकमेकींवर कुरकुरतात.

चाक बसवताना बाजू तपासाच. या पद्धतीच्या ब्रिटिश गाड्यांत डाव्या बाजूच्या नटाचे आटे नेहमीचे, उजव्या बाजूचे उलटे असतात, म्हणजे चाक फिरताना नट आवळला जातो. आधीच्या कुणी हब इकडचे तिकडे केले असतील तर चाक चालता चालता सुटू शकतं.

माझ्या गाडीला मागे पाटे आहेत. वळताना कुरकुर आणि कधी ठक् येतो.

कुरकुर पाट्यांच्या एकमेकांवर घासण्याची असते. पाटे वाकताना एकमेकांवर सरकतातच; मधली रबरं किंवा पट्ट्या झिजल्या आणि गंज शिरला की ते बोलतात. पाण्याची बारीक फवारणी करा. आवाज काही मिनिटं थांबला तर जागा सापडली.

ठक् जास्त गंभीर. ॲक्सल पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो आणि पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा आडवा आणि पुढेमागे जोर एकट्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला तर ॲक्सल त्या बाजूने सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बुशपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर टेपने मोजा, ते सारखं हवं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंचीही मोजा. एक बाजू बोटभर खाली असेल तर मोडलेला पाटा शोधा. तो बरेचदा यू-बोल्टच्या प्लेटच्या कडेलाच मोडतो, आणि चिखल असेल तर दिसत नाही. ब्रश आणि टॉर्च घेऊन बसा.

मागच्या टोकाला शॅकल (पाटा बॉडीला जोडणारी झुलती कडी) असतं. त्याची रबरं चपटी झाली की पाटा आडवा हलतो. टॉमी (लोखंडी दांडा) घालून बाजूला रेटा, लगेच कळेल.

लिव्हर आर्म शॉक आवाज करतात का?

करतात. एमजीबीच्या मागे असा शॉक बॉडीला बोल्टने बसतो आणि त्याचा दांडा एका छोट्या लिंकने ॲक्सलखालच्या प्लेटला जोडलेला असतो. लिंकची रबरं जाणं हे सगळ्यात साधं कारण, आणि ते स्वस्तात सुटतं. शॉक बॉडीवर ढिला झाला असेल तर ठक् मोठा येतो. तेल कमी असेल तर दांडा काही अंतर मोकळा हलतो आणि मग अचानक धरतो. लिंक सोडून दांडा हाताने वरखाली करा, वाटेत कुठेच पोकळी जाणवायला नको. तेल गळून गेलेला शॉक नुसता भरून फार दिवस चालत नाही, शाफ्टची झीज दुरुस्त करावी लागते.

स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनच्या गाडीत काय वेगळं बघायचं?

खूप काही, आणि प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं. जग्वार ई-टाइपमध्ये अख्खं मागचं सस्पेन्शन, डिफरन्शियल आणि आतले डिस्क ब्रेक एका पिंजऱ्यात असतात आणि तो पिंजरा चार रबरी माउंटांवर बॉडीला टांगलेला असतो. रबर धातूपासून सुटलं की पूर्ण पिंजरा वळणावर सरकतो. आवाज एकच, पण जड. दोन्ही बाजूंचे रेडियस आर्म बॉडीला जिथे जोडले जातात तिथली बुशही त्याच वेळी बघा. या गाडीत हाफशाफ्ट हाच वरचा आर्म असतो. म्हणून त्याच्या क्रॉसमधला किंवा हबच्या बेअरिंगमधला थोडासा प्लेही (ढिलेपणाही) चाकाचा कोन बदलतो, नुसता आवाज करून थांबत नाही.

१९६३ च्या कॉर्व्हेटपासून तिथेही हाफशाफ्ट असंच दुहेरी काम करतो, पण झीज वेगळ्या जागी होते. डिफरन्शियलमधून बाहेर येणाऱ्या योकचं (क्रॉस धरणाऱ्या फाट्याचं) आतलं टोक वळणावर आत रेटलं जातं आणि झिजतं. चाक वरून धरून आत-बाहेर हलवा आणि दुसऱ्याने योकवर बोट ठेवावं. योकच आत-बाहेर होत असेल तर बेअरिंग बदलून उपयोग नाही.

ट्रायम्फ टीआर६ मध्ये हाफशाफ्ट दातांवर सरकून लांब-आखूड होतो. जोर असताना हे दात अडकून राहतात आणि ॲक्सिलरेटर सोडला की एकदम सुटतात. तेव्हा ठक् होतो आणि गाडीची शेपटी किंचित उडते. दात साफ करून ग्रीस भरल्यावर फरक पडला तर निदान झालं. नाही पडला तर डिफरन्शियल धरणारे चेसिसवरचे ब्रॅकेट, त्यातही पुढचे, तडा गेलाय का ते बघा. हे तडे रंगाखाली लपतात.

लोटस इलानमध्ये क्रॉसच्या जागी रबराच्या जाड चकत्या आहेत, एका बाजूला दोन. त्यांना भेगा दिसल्या की बदला, आवाजाची वाट पाहू नका. इलान आणि डॅटसन २४०झेड या दोन्हींत मागे स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेले उभे खांब) असतात. स्ट्रटच्या नळीत घातलेलं नवं कार्ट्रिज वरच्या नटाने घट्ट दाबलेलं नसेल तर ते नळीत खडखडतं. नवे स्ट्रट टाकल्यावर आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय तिथेच. २४०झेडमध्ये डिफरन्शियलचं पुढचं माउंटही असाच ठक् देतं.

स्वतंत्र नसलेल्या पण कॉइल स्प्रिंगवाल्या ॲक्सलचं एक उदाहरण म्हणजे अल्फा रोमिओची १०५ मालिका. तिथे ॲक्सलला आडवं धरून ठेवायचं काम डिफरन्शियलच्या वरचा आर्म करतो. वळणावरचा ठक् मधोमधून येतोय असं वाटलं की त्याची बुश बघा.

अगदी हळू, स्टीअरिंग पूर्ण वळवून जाताना मागून थरथर आणि गुडगुड येते. सस्पेन्शन का?

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारं) आहे का ते आधी शोधा. क्लच प्लेटवाल्या डिफरन्शियलमध्ये आतल्या-बाहेरच्या चाकांच्या वेगात फरक पडला की प्लेटा एकमेकींवर सरकतात. चुकीचं तेल असेल किंवा त्यात घर्षण कमी करणारं मिश्रण नसेल तर त्या अडकत-सुटत सरकतात आणि गाडी थरथरते. योग्य तेल आणि मिश्रण भरा, मग मैदानात हळूहळू आठच्या आकाराच्या फेऱ्या मारा, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये शिरेल. बरेचदा एवढ्यावर भागतं.

साध्या डिफरन्शियलमध्ये वळणावरच येणारी खरखर म्हणजे आतल्या छोट्या पिनियन किंवा त्यांच्या मागच्या वॉशरची झीज. तेल काढून चाळा, चुंबक फिरवा.

एक धोका सांगायलाच हवा. लिमिटेड-स्लिप असलेल्या गाडीचं एकच मागचं चाक उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरचं चाक ओढेल आणि गाडी स्टँडवरून निघून जाईल.

घरघर बेअरिंगची की टायरची?

टायरची घरघर रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलते, बेअरिंगची बदलत नाही. बेअरिंगची घरघर त्याच्यावर भार आला की वाढते आणि उलट वळणावर दबते. खात्रीसाठी गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घ्या, पुढची चाकं अडवा, गिअर काढून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. पाट्यांच्या गाडीत ड्रमच्या मागच्या प्लेटवर हात ठेवा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर चाचणी घेऊच नका.

पॉलियुरेथेनची नवी बुश टाकली आणि कुरकुर सुरू झाली.

कोरडी बसवली असतील. त्यांना सोबत येणारं किंवा सिलिकोनचं ग्रीस लागतं. रबराच्या बुशला मात्र साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं.

रबरी बुश टाकल्यावर आवाज आला असेल तर बोल्ट कधी आवळले ते आठवा. धातूच्या नळीला चिकटवलेलं रबर फिरत नाही, पीळ खातं. गाडी हवेत असताना, चाकं लटकत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहते. ती कुरकुरते आणि लवकर फाटते. बोल्ट ढिले करा, गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी करा, मागेपुढे ढकला आणि मग आवळा.

गाडी वर घेऊन सगळं हलवून पाहिलं, कुठेच प्ले नाही. आता?

लटकलेलं सस्पेन्शन खोटं बोलतं. स्प्रिंग सगळं एका बाजूला ताणून धरते आणि ढिला जोड घट्ट वाटतो. चाकांवर उभ्या असलेल्या गाडीखाली, खड्ड्यावर किंवा रॅम्पवर जाऊन बघा, आणि दुसऱ्याला गाडी बाजूने हलवायला सांगा.

मग खुणा शोधा. हलणारा जोड स्वतःची साक्ष देतो. बोल्टच्या डोक्याभोवती लाल गंजाची भुकटी, रंग उडून चकाकणारी रेघ, रबरावरची काळी पॉलिश. सापडलं नाही तर संशयित जोडांवर पातळ रंगाची एकेक रेघ अशी मारा की ती दोन्ही भागांवर पडेल. मैदानात दहा फेऱ्या मारा. जिथे रेघ तुटली तो जोड सरकतोय. टायर घासतोय असं वाटलं तर कमानीच्या आतल्या कडेला खडू लावा.

अँटीरोल बारचा संशय असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून अगदी सावकाश एक फेरी मारा. आवाज गेला तर बारची बुश किंवा लिंक. गाडी तेव्हा जास्त कलेल, वेग वाढवू नका.

शोध लागेपर्यंत गाडी चालवू का?

कुरकुर असेल तर चालवा. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, चाकाचे नट, तारांच्या चाकाचे दात, हबचं बेअरिंग, इलानच्या रबरी चकत्या किंवा चेसिसचा तडा यांपैकी कशावरही संशय असेल तर गाडी उभी करा. वळणावरच भार येणारा भाग वळणावरच तुटतो.

दुरुस्तीनंतर आवाज गेला हे पक्कं कधी मानायचं?

त्याच मैदानात, त्याच वर्तुळात, त्याच वेगाने, दोन्ही दिशांना. एकदा गाडी थंड असताना, एकदा तासभर चालवून. पाटे किंवा यू-बोल्ट बदलले असतील तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, कारण पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले पडतात. रंगाच्या रेघा पुसू नका, त्या तेव्हाही उपयोगी पडतील.